फोटोचा कोपरा

डेल्मर ऑस्बीने कवटीचा तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला, मग शिंगांची जोडी दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. हाडाला कुठे चीर नव्हती. चीर असली की शिंगं फाकवून रुंदी वाढवता येते, म्हणून तसली जोडी मोजायचीच नाही, असा नियम होता. आणि नियम म्हटला की डेल्मर. पश्चिम विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ पट्ट्यात धनुष्यबाणाने हरिण मारणारा प्रत्येक जण शिंगं घेऊन त्याच्याच गॅरेजमध्ये यायचा, आणि येताना थोडा घाबरलेला असायचा.

"साठ दिवस झाले?" त्याने विचारलं.

"बासष्ट," कार्ला म्हणाली. "बाबांनी कॅलेंडरवर खुणा केल्यात. रोज एक."

ताजी शिंगं ओलाव्याने भरलेली असतात, वाळली की जराशी आकसतात. म्हणून साठ दिवस ती घरात ठेवायची आणि मगच मोजायची. कार्लाच्या वडिलांना, रॉइस ब्रेकीला, हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने आणि डेल्मरने बाराव्या वर्षी एकाच झाडाखाली बसून पहिला बाण सोडला होता.

रॉइस बाहेर पिकअपमध्ये बसला होता. इंजिन चालूच होतं आणि मागून पांढरी वाफ निघत होती. खिडकीतून डेल्मरला त्याची टोपी दिसत होती, नाकाखालची ऑक्सिजनची नळीही दिसत होती. रॉइस सरळ समोर बघत होता. बावीस वर्षांत तो या अंगणात आला नव्हता.

"आत ये म्हणावं त्याला. हीटर लावलाय."

"म्हटलं मी. म्हणाले, मी इथेच बरा. तू जाऊन विचारून ये."

"काय विचारून ये?"

कार्लाने हातमोजा काढला, पुन्हा घातला. चाळिशी उलटलेली बाई, पण या गॅरेजमध्ये उभी राहिली की शाळेतल्या पोरीसारखी अवघडायची. "वहीत बसतं का, ते."

वही म्हणजे धनुर्धारी शिकाऱ्यांच्या संघटनेची नोंदवही, आणि डेल्मर त्या संघटनेचा मोजणीदार. धनुष्याने मारलेल्या हरणांची शिंगं, कोणी मारलं, कुठे मारलं, किती भरली. सगळ्या मापांची बेरीज सव्वाशे इंचांच्या खाली असेल तर नाव नाही. डेल्मरने पोलादी टेप काढली आणि कामाला लागला. आधी दोन्ही दांड्यांची लांबी, मग एकेक फाटा, मग बुंध्याशी घेर. प्रत्येक आकडा तो मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा, इंचाच्या आठव्या हिश्श्यापर्यंत. कार्ला श्वास रोखून बघत होती. डावीकडचा एक फाटा उजव्यापेक्षा आखूड निघाला, तेवढं वजा झालं. बेरीज त्याने दोनदा केली.

"एकशे एक्कावन्न आणि तीन अष्टमांश," तो म्हणाला, आणि त्याच्याही नकळत हसला. "काय जनावर आहे गं हे! म्हाताऱ्याने शेवटी काढलंच."

कार्लाचे डोळे भरले. "म्हणजे बसतं?"

"आकड्याने बसतं. आता कागद भरू." त्याने चष्मा सारखा केला. "हत्यार?"

"धनुष्य. त्यांचं नेहमीचंच."

"ओढ किती पौंडांची?"

"पन्नास."

उत्तर फार पटकन आलं. वाटेत घोकून आल्यासारखं. डेल्मरचं पेन कागदावर टेकून राहिलं. गेल्या एप्रिलमध्ये रॉइसचं उजवं फुप्फुस काढलं होतं. सप्टेंबरात चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या वेळी डेल्मरने लांबून पाहिलं होतं, रॉइसला कॉफीची किटली उचलवेना, शेवटी कोणीतरी ती त्याच्या हातातून घेतली. तो माणूस पन्नास पौंडांची दोरी गालापर्यंत ओढणार? देवा रे.

"डॉक्टर काय म्हणतात?" त्याने कागदाकडे बघतच विचारलं.

"फेब्रुवारी म्हणतात," कार्ला म्हणाली. "मार्च म्हणत नाहीत."

जानेवारीचे चौदा दिवस झाले होते. डेल्मरने मनात हिशोब केला. कागद आज टपालात टाकला तर तीन आठवड्यांत संघटनेचं पत्र येतं, शिक्क्याचं.

"फोटो आणलेस?"

तीन फोटो लागतात. कार्लाने पाकिटातून काढून ओळीने मांडले. पहिल्या दोघांत नुसती शिंगं. तिसऱ्यात रॉइस हरणाच्या मागे गुडघ्यांवर बसलेला, एक हात शिंगावर, चेहरा उन्हाने नव्हे तर तापाने लाल झालेला. डेल्मरने खिशातून भिंग काढलं. सवयच होती त्याची. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात पाचोळ्यातून एक लोखंडी कडी वर आली होती, घोड्याच्या रिकिबीसारखी. क्रॉसबो ताणताना पाय अडकवायची कडी.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावायचं धनुष्य. एकदा ताणून ठेवलं की मग ओढायला नको, धरायला नको, बोटाने घोडा दाबला की बाण सुटतो. क्रॉसबोने शिकार करायला सरकारची परवानगी होती, आजारी माणसांना तर आधीपासूनच होती. वहीत मात्र त्याला जागा नव्हती. त्यावर दुमत नव्हतंच.

डेल्मरने भिंग खाली ठेवलं. बावीस वर्षांपूर्वी हेच भिंग होतं, हेच टेबल होतं आणि रॉइसचंच हरिण होतं. एकशे अठ्ठावन्न भरलं होतं, त्या वर्षी जिल्ह्यात तेवढं कोणाचं नव्हतं. त्याही फोटोत एका कोपऱ्यात धनुष्य दिसत होतं, आणि भिंगातून बघितल्यावर नेम धरायच्या पिनेजवळ एक चिमुकला दिवा दिसला, बॅटरीवरचा. धनुष्याला विजेचं काहीही जोडायचं नाही, असा तेव्हा नियम होता. डेल्मरने अर्ज आडव्या रेघेने खोडला.

दुसऱ्या दिवशी रॉइसची बायको आली होती. लोइस. चर्चला जायचा चांगला कोट घालून, हातात रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा घेऊन ती इथेच, हीटरपाशी उभी राहिली.

"डेल, तो दिवा मी घेतला रे. कॅटलॉगमधून. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून. संध्याकाळचं त्याला दिसत नाही नीट, म्हणून मला वाटलं... चालत नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तू बघितलंच नाहीस, असं समज ना."

"लोइस, मी बघितलंय," तो म्हणाला होता.

एवढंच. वड्यांचा डबा तिने तसाच परत नेला. संघटनेच्या जेवणात हा किस्सा डेल्मरने पुढे किती वेळा सांगितला असेल! लोक टाळ्या वाजवायचे. असा मोजणीदार हवा, म्हणायचे. लोइस मात्र सहा वर्षांनी कॅन्सरने गेली, आणि जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, त्याचं नाव माझ्यामुळे गेलं. पुरायच्या वेळी डेल्मर सगळ्यांत मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता घरी आला. त्यानंतर चार वर्षांनी संघटनेने तो दिवा चालतो म्हणून पत्र पाठवलं. जुनी प्रकरणं उघडायची नाहीत, असंही त्यात होतं. डेल्मरने ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. रॉइसला ते न्हाव्याच्या दुकानात कळलं, असं कोणीतरी म्हणालं.

डेल्मर उठला. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली कात्री काढून त्याने फोटोचा उजवा कोपरा कापला. काप तिरका गेला. कडीचा तुकडा टेबलावर पडला.

"काका..." कार्ला म्हणाली.

"गप. काही बोलू नकोस."

हत्यार, धनुष्य. ओढ, पन्नास पौंड. त्याने सुबक अक्षरात लिहिलं, खाली मोजणीदाराची सही केली. छातीवरचं काहीतरी बावीस वर्षांनी हललं, असं त्याला वाटलं. कार्ला आता उघडउघड रडत होती. तिने त्याचा हात धरला आणि तो सोडेना.

"चल," तो म्हणाला. "सही त्याची लागते. मीच घेतो."

बाहेर थंडी नाकात शिरत होती. पिकअपची काच वीतभर खाली आली. जवळून रॉइस फारच लहान दिसत होता, दुसऱ्या कोणाचं तरी जाकीट घातल्यासारखा.

"म्हातारा झालास, डेल," तो म्हणाला.

"तू काय कोवळा राहिलायस?"

"मला निमित्त तरी आहे." रॉइस हसला, मग खोकला. खोकला थांबेपर्यंत डेल्मर बर्फावर पाय आपटत उभा राहिला. बावीस वर्षं मधे नव्हतीच, असं क्षणभर वाटलं त्याला. "किती भरलं?"

"एकशे एक्कावन्न, तीन अष्टमांश."

"मी घरी दीडशे मोजलं."

"तुझी टेप शिवणकामाची असणार."

"लोइसची आहे," रॉइस म्हणाला.

कार्ला शिंगं घेऊन पलीकडच्या दाराशी उभी होती, पण दार उघडत नव्हती.

"बरं, सांगून टाक," रॉइस म्हणाला. त्याचा आवाज हलका होता, जवळजवळ आनंदी. "बसत नाही ना?"

"बसतं."

रॉइसने पहिल्यांदा मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कसं काय?"

"बसतं म्हटलं ना. सही कर. आजच टाकतो टपालात." डेल्मरने कागद आणि फोटो लावलेली पाटी आणि पेन खिडकीतून आत सरकवलं.

रॉइसने पेन घेतलं नाही. पाटी मांडीवर ठेवून तो वाचू लागला. बोट एकेका ओळीवरून उतरत होतं. एका ओळीपाशी ते थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्याने खालचा फोटो बाहेर ओढला. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर.

"हे कोणी कापलं?"

"बाबा, मीच त्यांना सांगितलं की—"

"तुला नाही विचारलं, कार्ला."

"मी कापलं," डेल्मर म्हणाला.

रॉइसने डोळे मिटले. नळीतून येणारी हवा तेवढी सूं सूं करत होती.

"लोइसला शेवटी शेवटी झोप यायची नाही," तो म्हणाला. मधेमधे थांबत, दम घेत बोलत होता. "मी तिला सांगायचो, अगं, तू नको जिवाला लावून घेऊस. डेलचा स्वभावच तो. त्याच्या सख्ख्या आईने हरिण आणलं असतं तरी त्याने खोडलं असतं. त्याचा इलाज नाही. त्याच्याने होतच नाही दुसरं काही. मग ती झोपायची."

"रॉइस, ऐक—"

"मीसुद्धा त्याच्यावरच झोपलो रे, इतकी वर्षं." त्याने फोटो पाटीवर ठेवला, अगदी सरळ. "मला काय ठाऊक नाही क्रॉसबो चालत नाही ते? तुझ्या तोंडून एकदा 'नाही' ऐकायला आलो होतो, गाढवा. तेवढं ऐकून जाणार होतो."

डेल्मरला बोलायचं होतं. तुझ्यासाठी केलं, असं म्हणायचं होतं.

रॉइसने पाटी खिडकीतून परत दिली. पेनही दिलं.

"ती इथे येऊन उभी राहिली होती," तो म्हणाला. "तेव्हा कात्री नव्हती का तुझ्याकडे?"

काच वर गेली. कार्लाने शिंगं मागे ठेवली, गाडीत बसली, एकदा डेल्मरकडे पाहिलं आणि गिअर टाकला. पिकअप उतारावरून सावकाश खाली गेली, धान्याच्या कोठारापाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

डेल्मर गॅरेजमध्ये परत आला. हीटर घरघरत होता. टेबलावर फोटोचा तिरका तुकडा पडला होता, त्यात पाचोळा आणि अर्धी कडी. तुकडा त्याने फोटोला लावून पाहिला. नीट जुळला, पण मधली रेघ दिसतच राहिली. मग त्याने कात्री उचलली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. गॅरेज बांधलं तेव्हा, सदतीस वर्षांपूर्वी, पहिला खिळा त्याने ठोकला होता तो त्या कात्रीसाठीच.