लाल बटणाच्या आडून

ज्या माणसाशी तुम्ही वर्षानुवर्षं गोड बोललात, त्याला तुमच्या मनातलं बोलणं कधी चुकून ऐकू गेलंय का?

मी एक हेडफोन बोलतोय. गाणी ऐकायचा नव्हे, कामाचा. एका कानावर बसणारी वाटी, तोंडापुढे वाकलेली दांडी, तिच्या टोकाला वाटाण्याएवढा माइक आणि वायरीवर मध्येच एक डबी. डबीवर लाल बटण. ते दाबलं की शेजारी तांबडा ठिपका पेटतो आणि बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे जायचा थांबतो. निदान तसं ठरलेलं असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला तपासणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती, त्यामुळे माझ्या आयुष्यातला पहिला आवाज म्हणजे तिची शिंक. शिंक नीट ऐकू आली म्हणून तिनं मला पास केलं. मग मी खोक्यात, खोकं गाडीत, असं करत तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात आलो. औषधांच्या दुकानांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. बिल कसं करायचं, कुठल्या गोळ्यांची मुदत संपत आली, हे सगळं त्यात दिसायचं. आणि दिसेनासं झालं की दुकानदार फोन करायचे. तो फोन उचलायच्या टेबलावर मला ठेवलं.

टेबल ताईचं होतं. खरं नाव असेलच काहीतरी, पण तिच्यापेक्षा मोठे साहेबही तिला ताईच म्हणायचे. कंपनीत एकच खोली होती तेव्हापासून ती तिथे होती. मी यायच्या आधी ती रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये धरून दोन्ही हातांनी टाइप करायची. मला पहिल्यांदा कानावर चढवलं तेव्हा ती मान इकडून तिकडे फिरवून म्हणाली, "बाई गं, सरळ झाली एकदाची." त्या दिवशी मला माझंच फार कौतुक वाटलं.

पुढे लाल बटणाची गंमत तिला कळली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं ती शिकवली. त्याला सगळे 'रेंज' म्हणायचे, कारण गरज पडली की तो हमखास जागेवर नसायचा. त्या खोलीत एक रीतच पडली होती. गिऱ्हाईक वैताग आणायला लागलं की लाल बटण दाबायचं, मनातलं बोलून मोकळं व्हायचं आणि बटण सोडून पुन्हा गोड आवाजात यायचं. याला ते 'लाल बोलणं' म्हणायचे.

एकदा एका दुकानदारानं फोन केला. "मॅडम, तुम्ही सकाळी ते बटण दाबून ठेवा म्हणालात. मी अजून दाबून ठेवलंय. आता सोडू का?"

ताईनं लाल बटण दाबलं. "सोड रे बाबा, नाहीतर बोट तिथेच चिकटायचं." सगळी खोली हसली. मग बटण सोडून ती म्हणाली, "हो दादा, आता सोडलंत तरी चालेल."

गिऱ्हाइकांत ताईचं मोठं नाव होतं. कितीही वेळा विचारा, ताईंचा आवाज चढत नाही, असं सगळे म्हणायचे. नव्यानं लागलेल्या मुलींना साहेब तिचे फोन ऐकायला बसवायचे. ती कशाच्या जोरावर इतकी शांत राहते, हे त्या खोलीला माहीत होतं. आणि मला. मला वाटायचं, आपण केवढं पुण्याचं काम करतोय. तिचा सगळा कडूपणा आपण गिळतोय.

नदीपलीकडचे औषधवाले काका तिचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. त्यांचा फोन आठवड्यातून दोनदा तरी ठरलेला. ताईनं त्यांना किंवा त्यांचं दुकान कधी पाहिलं नव्हतं, पण ते दुकान आम्ही दोघं आवाजावरून ओळखायचो. करकरणारा पंखा, ओढताना अडकणारा खण, आणि मागून काकूंचं, "अहो, आधी काम सांगा ना त्यांना."

काकांना काम आधी सांगणं जमायचं नाही. ते म्हणायचे, "ताई, ज्या दिवशी हा डबा आमच्या दुकानात आला ना..." डबा म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. पुढे असं यायचं की मोठ्या पोरानं तो आणून ठेवला आणि काकांकडे बघून हसला. तिथवर गोष्ट आली की ताई गोड आवाजात म्हणायची, "काका, आधी बिलाचं बघू या का?" त्यापुढची गोष्ट मी कधी ऐकली नाही. त्याऐवजी लाल बोलणं मात्र पुष्कळ ऐकलं. "झालं यांचं सुरू. डबा आला, पोरगा हसला. मी रडते आता."

मी जुना झालो. वाटीवरचा स्पंज ताईनं किती तरी वेळा बदलला, दांडीला चिकटपट्टी लावली, पण मला टाकलं नाही. रेंज म्हणायचा, "ताई, नवा मागून घे. हा तुझ्या आधी निवृत्त होईल."

"असू दे. याला माझ्या कानाची सवय झालीये."

हे ऐकून मला लाजल्यासारखं व्हायचं, कारण माझ्या आत काय झालंय ते मला कळत होतं. बटणाखालची बारीक पत्ती झिजली होती. तांबडा ठिपका नेहमीसारखा पेटायचा, पण आवाज कधी तुटायचा, कधी नाही. मला तिला सांगता येत नव्हतं. लोकांचे आवाज इकडून तिकडे न्यायला बनवलेल्या मला स्वतःचा आवाजच दिलेला नाही.

मग ताईचा निरोपाचा दिवस आला.

आदल्या दिवशी डबा खाताना ती रेंजला म्हणाली होती, "मला भाषण नको, शाल नको. लोकांनी एवढंच म्हणावं, की ही बाई कधी कुणाला तोडून बोलली नाही. तेवढं घेऊन घरी गेले की झालं."

साहेबांनी कल्पना काढली होती. ताईनं तिच्याच टेबलावर बसायचं, मला लावायचं आणि शेवटचा फोन घ्यायचा. जुनी गिऱ्हाइकं एकाच वेळी त्या फोनवर येणार. त्यांचं बोलणं भिंतीवरच्या स्पीकरवर सगळ्या ऑफिसला ऐकू येणार. टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेलं एक खोकं होतं. ते रिकामं होतं. फोन संपला की मला त्यात घालून ताईला भेट द्यायचं, हे रेंजच्या डोक्यातलं.

गिऱ्हाइकं एकेक करून बोलली. बटण दाबून बसलेले दुकानदार दादा म्हणाले, "मॅडम, माझं बोट तुम्ही सोडवलंत." एक बाई म्हणाल्या, "आमच्या घरात आम्ही एकमेकांशी जेवढं नीट बोलत नाही, तेवढं ताई आमच्याशी बोलल्या." ताईचे डोळे पाणावले होते.

शेवटी काका आले. पंखा करकरला. काका म्हणाले, "ताई, मला जरा बोलायचंय. काय आहे, ज्या दिवशी हा डबा आमच्या दुकानात आला ना..."

खोलीत खसखस पिकली. रेंज ताईच्या कानाशी वाकून म्हणाला, "ताई, केक वाळणार आज."

ताईचं बोट सवयीनं डबीवर गेलं. तांबडा ठिपका पेटला. ती हसत म्हणाली, "या म्हाताऱ्याचं दुकान एकवेळ बंद होईल, पण तोंड नाही व्हायचं. सुटले बाई एकदाची."

पोरी हसल्या. आणि त्यांचं हसणं थांबायच्या आत ताईचाच आवाज काकांच्या फोनवरून फिरून भिंतीवरच्या स्पीकरमधून परत आला, "...तोंड नाही व्हायचं. सुटले बाई एकदाची."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तांबडा ठिपका पेटलेलाच होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. मला तर टेबलाचा खणही उघडून आत जाता येत नव्हतं.

"बोला ताई, बोला," काका म्हणाले. "ऐकू येतंय. तसं बऱ्याच दिवसांपासून मधूनमधून येतं ऐकू."

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, ते कशाला सांगताय आता?"

बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यावरून मला कळलं, ऐकणारे काका एकटे नव्हते.

"काका..." ताई म्हणाली.

"दुकान बंदच होतंय, ताई," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "या महिन्याच्या शेवटी. पोरगा तिकडे बोलावतोय, गुडघेही आता ऐकत नाहीत. तेच तुम्हाला सांगायचं होतं. पण सरळ सांगायला जमेना, म्हणून पहिल्यापासून सुरू केलं. बरं, तुमचा कार्यक्रम चालू द्या. सुखी राहा."

पंखा करकरायचा थांबला. त्यांनी फोन ठेवला होता.

साहेबांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. केक कापला गेला. रेंजचा चेहरा पडला होता, पण खोकं समोर होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानं माझी वायर काढली, मला गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि खाली मान घालून ताईच्या हातात दिलं. "सगळ्यांकडून, ताई. तुझा कान." ताई थँक्यू म्हणाली. जी वस्तू तिला त्या क्षणी खिडकीतून खाली फेकावीशी वाटत असेल, ती तिनं दोन्ही हातांनी घेतली.

घरी तिच्या मुलीनं खोकं उघडलं. "आई, हा तर तुझाच जुना. एवढ्या वर्षांनी नवा तरी द्यायचा."

"ठेव तो."

"लावून बघू?"

"ठेव म्हटलं ना." ताईचा आवाज चढला. मुलगी बघतच राहिली.

ताईच्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तो हातपाय धुऊन आला आणि म्हणाला, "कसा झाला कार्यक्रम?"

"छान." ताई भाजी चिरायला बसली. थोडी चिरून झाल्यावर सुरी खाली ठेवून तिनं सगळं सांगितलं, काकांचं बोलणं तर शब्दाला शब्द.

नवऱ्यानं मला हातात घेतलं, बटण दाबलं, सोडलं, कानाशी धरून पुन्हा दाबलं. "पत्ती गेलीये आतली. तुझा दोष नाही गं यात."

"पत्ती माझी नाही," ताई म्हणाली. "पण बोलले ते मीच ना."

तिच्या पुढ्यातली भाजी घेऊन उरलेली तो चिरत बसला.

ताईनं मला तिच्या पिशवीत टाकलं. तिथे चष्म्याच्या घराशेजारी मी पडून राहिलो. मला वाटत आलं होतं, की मी तिला शांत राहायला मदत केली. आता तसं वाटेना. मी नव्हतो तेव्हाही ती फोन घेतच होती. मान वाकडी करून, खांदा दुखवून. तेव्हा बटण नव्हतं. जे गिळायचं ते तिला स्वतःलाच गिळावं लागायचं आणि ती गिळायची. मी आलो, तिची मान सरळ केली आणि तिला बोलायला आडोसा दिला. आडोसा मिळाला की माणूस थोडं बोलतो, मग जास्त बोलतो. शरमेनं माझी दांडी खाली गेली ती अजून वर आलेली नाही.

माझं आता काम उरलं नाही, म्हणून मागायचंही फारसं काही नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावर माया करा, पण तिचा भरवसा धरू नका. तिच्या आडून बोलत असाल, तर निदान ज्याच्याबद्दल बोलता त्याची गोष्ट एकदा पुरी ऐकून घ्या. आणि ज्यांना माझ्यामुळे नको ते ऐकू गेलं, त्या सगळ्यांची मी माफी मागतो. मला क्षमा करा, पण ताईवर राग धरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बसनं नदीपलीकडे गेली. मी पिशवीतच होतो. पत्ता विचारत ती एका गल्लीत शिरली आणि करकरणारा पंखा ऐकू आल्यावर थांबली. काका खण ओढत होते, तो अडकला होता.

"काका, मी ताई."

काकांनी खण तसाच सोडला. काकू आतून स्टूल घेऊन आल्या. "बसा. आवाजावरून मला तुम्ही उंच वाटायच्या."

"काका, काल मी जे बोलले..."

"असू दे हो."

"असू दे कसं? मला फार लाज वाटतेय." ताई स्टुलावर बसली. "डबा आला त्या दिवशीचं सांगा ना. पोरगा हसला. पुढे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग बाजूच्या पिवळट पडलेल्या कॉम्प्युटरकडे. "पुढे काय, पोरगा म्हणाला, बाबा, तुम्हाला हे जन्मात जमायचं नाही. आणि गेला. मग मी तुमच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. मी एकच गोष्ट दहादा विचारली. त्या दर वेळी म्हणायच्या, घाई नाही काका, पुन्हा करू."

तेव्हा मी नव्हतो.

दुपारी गिऱ्हाइकं यायला लागेपर्यंत काका बोलत होते, आणि ताईनं त्यांना मध्ये एकदाही थांबवलं नाही.