मान फिरवावी

बाईंनी कागद उलटा करून खिडकीतून आत साहेबांकडे सरकवला आणि पेनाला टोपण घातलं.

"सही करणार नाही."

"वाचलात तरी का?" अधीक्षक साहेबांनी विचारलं.

"दोनदा वाचला. 'मी माझा पासवर्ड निष्काळजीपणे अन्य व्यक्तीस सांगितला.' मी कुणाला सांगितलेला नाही. जे केलं नाही, त्याखाली माझं नाव कसं घालू?"

रुग्णालयाच्या औषध भांडारात बाईंना तेवीस वर्षं झाली होती. आजवर एक गोळीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. आणि आता एकदम तीव्र वेदनाशामकाच्या बारा कुप्या गायब. सुट्टीच्या तीन रविवारी, बाई घरी असताना, वॉर्डातल्या कुठल्याशा संगणकावरून त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या होत्या. चिठ्ठी दाखवली की पहारेकरी कपाट उघडून देई. त्याने चिठ्ठ्या पाहिल्या, चेहरे पाहिले नाहीत. पासवर्ड बाईंचा, तेव्हा दोषही बाईंचा. सही केली तर धुलाई विभागात बदली, नाही केली तर निलंबन. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

त्यातही जिव्हारी लागलं ते वेगळंच. चौकशी संपेपर्यंत बाईंनी आत बसायचं नाही, असा हुकूम होता. तीन दिवस त्या आपल्याच खिडकीच्या बाहेर, औषधं मागायला येणाऱ्यांच्या जागी उभ्या होत्या. आत त्यांच्या खुर्चीवर प्रोग्रामर बसला होता. रुग्णालयात त्याला सगळे 'दोनमिनिटे' म्हणत. काहीही सांगा, "दोन मिनिटांचं काम आहे" हे त्याचं उत्तर ठरलेलं, आणि काम काही होत नसे.

भांडाराचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. नाव विचारायचा, मग पासवर्ड विचारायचा, आणि बाई जे जे अक्षर दाबतील ते ते ठळक उमटवायचा. एंटर दाबेपर्यंत अख्खा पासवर्ड पडद्यावर उघडावाघडा. टेबल असं लावलेलं की बाईंची पाठ खिडकीकडे आणि पडद्याचं तोंडही खिडकीकडे. बाईंनी सात वर्षांत तीन अर्ज दिले. टाइप करताना अक्षरं दिसू नयेत, एवढंच मागणं.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो पहिल्या अर्जावर म्हणाला. दुसऱ्यावर म्हणाला, "काहीच दिसलं नाही तर लोकांना वाटतं मशीन अडकलं. फोन मला येतात." तिसऱ्या अर्जानंतर त्याने एक पाटी रंगवून आणली आणि स्वतःच्या हाताने खिडकीशेजारी ठोकली. 'पासवर्ड टाकताना समोरच्याने मान फिरवावी.' जणू गळकं छप्पर सोडून घरातल्यांना छत्र्या वाटल्या.

पण माणसं शहाणी. पाटी पाळू लागली. कुणी बाजूला बघे, कुणी चपलांकडे, आणि थोड्या वेळाने "झालं का?" असं विचारी. सहा नंबर वॉर्डाचे दादा मात्र सगळ्यांच्या वरताण. रुग्णालयातले सगळ्यांत जुने परिचारक. ते नुसती मान फिरवत नसत, पूर्ण पाठमोरे होत, हात मागे बांधून. 'झालं का' असं त्यांनी कधी विचारलं नाही. बाईंचं एंटर दाबून होई आणि दादा आपोआप वळत. रीत शिकावी तर दादांकडून, असं बाई इतरांना सुनावत. कालसुद्धा साहेबांपुढे त्यांच्या बाजूने बोलायला एकटे दादाच गेले होते.

"त्या तीन चिठ्ठ्यांच्या प्रती काढा," साहेब प्रोग्रामरला म्हणाले. "फायलीला लावू आणि विषय संपवू."

"दोन मिनिटं, साहेब." त्याने खुर्ची पुढे ओढली, नाव टाकलं आणि खिडकीकडे न बघताच म्हणाला, "बाई, मान फिरवा जरा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी त्या वळल्या. अर्धवट वळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पूर्ण वळल्या.

समोर शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं जुनं काचेचं कपाट होतं. ते तिथे असतं हे त्यांना माहीत होतं, पण तेवीस वर्षांत इथून त्याच्याकडे बघायची वेळच आली नव्हती. मार्गिकेतला दिवा गेलेला. अंधाऱ्या काचेत त्यांना आपला चेहरा दिसला, मागे खिडकीचा चौकोन दिसला, आणि चौकोनात एकेक करून हिरवी अक्षरं उगवू लागली. अक्षरं उलटी होती. पण बाटल्यांवरची लेबलं मागच्या बाजूने, औषधातून आरपार वाचण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईंना उलट्याचं काय?

"झालं," तो म्हणाला.

बाई वळल्या. "साहेब, द्या तो कागद."

साहेबांना बरं वाटलं. बाईंनी टोपण काढलं आणि सहीच्या जागी, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, एक शब्द लिहिला.

"हे काय? 'सर्वज्ञ एक-दोन-तीन'?"

खुर्चीतल्या माणसाचे कान लाल झाले. "तुम्ही पाहिलंत?"

"मी मान फिरवली होती," बाई म्हणाल्या. "तुमच्या पाटीवर लिहिलंय तशी."

त्या पुढे बोलल्या. आवाज चढला नाही. "तीन अर्ज दिले मी. पोच आहे माझ्याकडे. आता मला सांगा, तुम्हीही लिहून देणार का, की मी निष्काळजीपणे पासवर्ड सांगितला म्हणून? का तो कागद फक्त माझ्यासाठीच छापलाय?"

साहेब बाहेर आले. बाईंच्या जागी उभे राहिले, वळले, आणि प्रोग्रामरला पुन्हा टाइप करायला लावलं. काचेत हिरवी अक्षरं त्यांनाही दिसली.

"दुरुस्त करा," ते म्हणाले. "आत्ता."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. प्रोग्रामरने कुठलीशी फाइल उघडली, दोन ओळी लिहिल्या, प्रोग्राम पुन्हा चालू केला. पासवर्ड टाकला तर पडद्यावर काही उमटलं नाही. खरोखर दोन मिनिटं लागली होती. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना त्या दोन मिनिटांचाच जास्त संताप आला.

"असं पूर्ण वळून कोण उभं राहतं, बाई?" साहेबांनी हळूच विचारलं.

नाव ओठांवर आलं. पण पुराव्यावाचून नाव घेतलं जाणं कसं असतं, हे त्या तीन दिवस भोगत होत्या.

"माझी पाठ असते, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. चुकलं, असं काही ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आपल्या खुर्चीत बसल्या. साडेनऊला दादा आले.

"बसलात ना पुन्हा? मी म्हटलंच होतं साहेबांना," ते हसून म्हणाले. मागणीची चिठ्ठी त्यांनी आत सरकवली, वळले आणि हात मागे बांधले.

बाईंनी नाव टाकलं. मग काल बदललेला नवा पासवर्ड टाकला, एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेतले. बाहेरून एक ढकलगाडी खडखडत गेली. बाईंनी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाहिलं.

दादांची पाठ तशीच होती. घड्याळाचा काटा अर्धा फेरा फिरला. मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट होत गेली.

"बाई," काचेकडे तोंड करूनच दादांनी शेवटी विचारलं, "झालं का?"

"झालं, दादा," बाई म्हणाल्या. "कधीचंच झालं."