वेलनाथाची जीभ

केनवडच्या बाजारात भाजीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी जमली होती वेलनाथ महाराजांसमोर. डोळ्यांवर काळी पट्टी, नाकाला कपड्यांचा चिमटा आणि पुढ्यात पांढऱ्या वाइनच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या आणि त्यांतून भरलेले तीन प्लॅस्टिकचे पेले. शिष्य पेल्यांच्या जागा बदलायचा. महाराज एकेक पेला उचलून घोट घ्यायचे आणि दरवेळी अचूक सांगायचे, "हाच विओनिए! जगात फार थोड्यांना ठाऊक असलेलं द्राक्ष. माझ्या जिभेवर वेलीमाता बसते. ती म्हणते, हा वेल तुमच्या मातीत फळेल."

लोकांनी हात जोडले. दौलतराव तर शिष्याकडे विओनिएच्या रोपांची मागणी नोंदवूनच गर्दीत परतले. तिथं उभ्या बायकोला म्हणाले, "सीते, उद्या सांबार उपटून टाकू. देवीनंच सांगतलं."

सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ती पट्टी सीताबाईनं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. घर त्याच पट्टीवर चालत होतं.

तिची नजर चिमट्यावरून हलेना. मागं सर्दीनं नाक चोंदलं, तेव्हा ताजी कोथिंबीर चावूनही तिला गवत चघळल्यासारखं वाटलं होतं. मग नाक दाबून या बुवाला द्राक्षाची जात कळते तरी कशी?

ती पुढं झाली. "महाराज, वास घेत नाई, मंग वळखता कायनं?"

"जिभेनं, माई. वास हा संसाऱ्यांचा मोह."

"मंग चहाच्या ग्लासात मी भरून देते."

"पेले मंतरलेले आहेत," शिष्य घाईनं म्हणाला.

"देवी जिभेवर बसते का पेल्यात?"

लोक हसले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. सीताबाईनं तीन ग्लास भरले. महाराज घुटमळले, बोटांनी तळ चाचपत राहिले. शेवटी दुसरा ग्लास उचलून म्हणाले, "हाच!"

"तिन्हीत एकच वाइन हाय," सीताबाई म्हणाली, "अन् विओनिएच्या बाटलीले मी हातच लावला नाई."

तिनं महाराजांचे पेले उलटे केले. एकाच्या बुडाला मेणाचा थेंब होता. "हे बोटाले लागते, जिभेले नाई."

मग तिनं तिन्ही बाटल्या एकदा हुंगल्या, डोळ्यांवर पदर बांधला आणि दौलतरावांना त्या पुढंमागं करायला लावल्या. फुलांसारख्या वासाची विओनिए तिनं पहिल्या झटक्यात काढून दिली.

दौलतराव खाली मान घालून म्हणाले, "तुयावर कोन्ती देवी आली?"

"कोन्तीच नाई. नाक उघडं होतं. द्राक्ष वळखाची विद्या खरी हाय, शिकली तं कोनालेही येते. पण जो आपल्याले तपासू देत नाई, त्याच्या शब्दावर वावर मोडू नका."