जावयाला कोण विचारणार

उखाने वकील घरचा केला आणि तिथंच माती खाल्ली. वकील म्हणजे योगेंद्र, उखाच्या धाकट्या भावाचा जावई.

भानगड तशी एवढीशी. बावीस वर्षं लूम चालवल्यावर उखाला कोसाडच्या सरकारी कॉलनीत खोली मिळाली होती. दोन वर्षांमागे आखाजीच्या सणाला नवरा-बायको महिनाभर गावी गेले, तेवढ्यात तपासणीवाले आले. दाराला कुलूप दिसलं, 'इथे कोणी राहत नाही' असा शेरा पडला आणि वाटप रद्द. योगेंद्रने अपील केलं. राहिलं होतं फक्त लेखी म्हणणं द्यायचं आणि पुरावे जोडायचे. पुष्पाबाईने लाइटबिलं, गॅसचं पुस्तक, दवाखान्याचे कागद एका पिशवीत कोंबले, जुन्या लुगड्याच्या काठाने दोन गाठी मारल्या आणि पिशवी जावयाच्या हाती दिली.

त्यानंतर दीड वर्ष जावई येत होता, जेवत होता, जात होता.

"कागद दिना का, इचारा ना एकदाव," पुष्पाबाई ओट्यापाशी कुजबुजायची.

"जवाई शे तो. त्याले कसं इचारू?" उखा खेकसायचा. कारखान्यात मास्तरची गचांडी धरणारा हा गडी, जावयापुढे मात्र "अजून एक बट्टी घ्या" याच्यापलीकडे जात नसे. काय म्हणावं अशा माणसाला!

सोमवारी हुकूम आला. तीन तारखा देऊनही लेखी म्हणणं आलं नाही, म्हणून अपील फेटाळलं. पंधरा दिवसांत खोली रिकामी करा.

संध्याकाळी योगेंद्र आला, पिशवी घेऊनच. पुष्पाबाईने ती उलटीसुलटी करून पाहिली. दोन्ही गाठी तिच्याच हातच्या, जशाच्या तशा. तिने पिशवी उखासमोर ठेवली.

"घाबरू नका, मामा," योगेंद्रने एक कागद पुढे केला. "अपील पुन्हा चालू करायचा अर्ज आहे. इथे सही करा."

"काय लिहिलंय?"

"हेच की तुम्ही आजारी होतात, कागद वेळेवर आणून दिले नाहीत, म्हणून राहिलं. असंच लिहावं लागतं."

उखाने त्या गाठींवर बोट ठेवलं. "पाहुणे, तुम्ही कागद का नाही दिलेत?" दीड वर्ष गिळलेला प्रश्न शेवटी बाहेर पडला.

योगेंद्र मोबाइलशी चाळा करत म्हणाला, "कामं फार होती, मामा. आणि तुम्ही तरी एकदा विचारलंत का?"

उखाला असं वाटलं की उठून याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. पण बोलला ते खरंच होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

"मग आजारपण खोडा. जावयाला विचारायची लाज वाटली, असं लिहा."

"असलं कारण कोणी मानत नाही."

"सही करा," मागून पुष्पाबाई म्हणाली. "नाहीतर खोली जाईल."

उखाने दात खाऊन स्वतःच्या नावावर टाकलेल्या चुकीखाली सही केली. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्याने योगेंद्र उठला आणि पिशवी उचलायला हात घातला. पुष्पाबाई डोक्यावरचा पदर सावरत दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती जावयाशी समोरासमोर बोलली नव्हती.

"बसा, पाहुणे," ती म्हणाली. "गाठी इथं सोडा, माझ्यासमोर. लेखी काय ते इथंच लिहा. जेवणाचं मग बघू."