टोपीखालचे केस

"अजून घट्ट ओढ, आई. दुखलं तरी चालेल."

उत्कर्षा डोळे मिटून पाटावर बसली होती आणि जयमाला मागे गुडघ्यांवर टेकून पोरीचे केस मुठीत धरायची खटपट करत होती. मुठीत यायला ते हवेत ना! जेमतेम चार बोटं लांब, तारेच्या घासणीसारखे गुंडाळलेले. तेल चोपडा की पाणी मारा, हात सोडला की परत आपल्या जागी. त्यांना गंगावन बांधायचं, त्याचा आंबाडा घालायचा आणि तो आंबाडा पिंग्याच्या घुमण्यात टिकवायचा, असा सगळा बेत होता. जयमालाने दहा-बारा पिना खुपसल्या, वरून रबर आवळलं.

"हलव मान."

उत्कर्षाने मान फिरवली. आंबाडा आधी कानावर घसरला, मग मांडीत पडला.

सकाळचे साडेपाच झाले होते आणि संध्याकाळी पाचला शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

आदल्या दिवशीच्या तालमीत हेच झालं होतं. मंगळागौरीचा नाच, नऊ मुली. पिंगा सुरू झाला, उत्कर्षाने जीव तोडून मान घुमवली आणि गंगावन उडून थेट तनुजा मॅडमच्या पायाशी पडलं. मुली पोट धरून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "उद्या आंबाडा नीट बसला तरच ये बाळा. नाहीतर आठ जणींत करू. स्टेजवर सगळ्या सारख्या दिसायला हव्यात."

गंमत बघा, त्या नाचाच्या निम्म्या स्टेप्स उत्कर्षानेच बसवल्या होत्या. आधी ती मधोमध होती. मग दुसऱ्या ओळीत गेली. मग कडेला. "लाइटमध्ये तू दिसतच नाहीस गं," असं कुणीतरी तिच्या रंगावरून म्हणालं आणि मधली जागा कमरेपर्यंत वेणी असलेल्या मुलीला मिळाली. त्या मुलीला डावा-उजवा पाय कळत नव्हता.

"मी नाही जात, आई. पोटात दुखतंय म्हणून सांगते."

"कामून नाई जायचं? तुझा नाच हाय तो." जयमालाने गंगावन उचलून झटकलं. "मी आणते काहीतरी. चारला शाळेत जाऊन बस, लुगडं नेसून तयार ऱ्हा. मी आल्याबिगर वर्गातून हलू नको."

काय आणणार, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. महिनाअखेर, त्यामुळे सुट्टी नव्हती. कासारवाडीहून कंपनीची बस चाकणकडे निघाली तरी तिच्या बोटांना पोरीच्या केसांचा खरखरीतपणा जाणवत होता. तो तिचाच होता. परळीकडच्या तिच्या माहेरी सहा स्थळं येऊन गेली होती. चौथ्या वेळी आलेल्या बाईने सरळ तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला होता. "काळी तर काळी, पण बाईच्या जातीला केस तरी असावेत की!" चहा पिऊन मंडळी निघून गेली. पुढे लग्न झालं, पण ते वाक्य काही तिच्या डोक्यावरून उतरलं नाही. उत्कर्षाचं डोकं तिने तीनदा तुळतुळीत केलं, केस दाट येतील या वेड्या आशेवर. तिन्ही वेळा तेच आले.

कंपनीत मात्र ती वेगळीच बाई होती. इथे शिरताना प्रत्येकीला निळी टोपी घालावी लागायची, एक बट बाहेर दिसता कामा नये. लांब केसवाल्या कुरकुर करत. जयमालाला ती टोपी माहेरच्या माणसासारखी वाटे. नऊ वर्षांत तिचं डोकं इथे कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त तिचे हात पाहिले होते. गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बांधायचं काम, आणि तिच्याइतक्या झपाट्याने बांधणारं लाइनवर कोणी नव्हतं. नव्या पोरींना लाइनचे सुपरवायझर निरंजन सर तिच्याजवळ आणून सोडत. "यांच्याकडे बघा आणि शिका," म्हणत. दिवसाचे आठ तास जयमाला देखणी नसली तरी ताठ असे.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक आखूड वायर तिच्या हातातून सारखी निसटत होती. तिने सवयीने काळी कापडी टेप तिच्यावर फिरवली, जुडग्याशी जोडली आणि ओढून पाहिली. हलली नाही. जयमालाचा हात तिथेच थांबला. मऊ, लव असलेली टेप. स्वतःलाच चिकटते, वायरीला ओरबाडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली टेप लावून पाहिली होती तेव्हा ती केस घेऊनच निघाली होती आणि पोर कळवळली होती. ही तसं करणार नाही. आखूड केसांचे चार झुपके करायचे, प्रत्येकावर टेप, मग गंगावन, वरून परत टेप. पोरीने मग दिवसभर पिंगा घातला तरी चालेल!

भंगाराच्या पेटीत संपत आलेला एक रोल पडला होता, फार तर हातभर टेप उरलेली. ती विचारू शकली असती. पण सरांना काय सांगायचं, कशासाठी हवी म्हणून? त्या एका उत्तराने नऊ वर्षांची टोपी उतरली असती. तिने रोल उचलला आणि टोपीखाली सारला.

साडेतीनला टोपीवरून ओढणी घेऊन ती गेटवर बायकांच्या रांगेत उभी राहिली. झडतीला शालनबाई होती. इथल्याच गावची, जमीन कंपनीत गेली तेव्हा ही नोकरी मिळालेली. तिने पिशवी चाचपली, कंबर चाचपली आणि ओढणीकडे बघून थांबली.

"आज टोपी घालूनच निघालीस व्हय गं?"

"डोकं दुखतंय, मावशी."

"आन् ह्ये टेंगूळ कसलं? काढ बरं टोपी."

"मावशी, पाया पडते. टोपी नका काढायला लावू."

"माझ्या हातात न्हाई बाई. वर कॅमेरा हाय, त्यो समदं बघतोय."

जयमालाने ओढणी खाली घेतली आणि टोपी काढली. रोल घरंगळत पुढच्या बाईच्या चपलेपाशी गेला. पण रांगेतलं कुणीच रोलकडे बघत नव्हतं. सगळ्या तिच्या डोक्याकडे बघत होत्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि तो आवाज तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोरीचा होता. चोरी पकडली गेल्याची लाज तिला अजून वाटायचीच होती. ही दुसरीच लाज होती, जुनी, परळीची.

शालनबाईने रोल उचलला. हळू आवाजात म्हणाली, "येवढ्याशा चिंधीपायी? कशाला घेतलीस गं?"

"पोरीचा आंबाडा बसत नाई."

शालनबाईने एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिने ऑफिसात फोन लावला.

पुढचा तासभर जयमाला एका खुर्चीत बसून होती. कंपनीची बस गेली. निरंजन सर आले, तिच्या डोक्याकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाले, "ताई, तुम्ही? मागितली असती तर दिली नसती का मी?" खरंच दिली असती, आणि तेच तिला सहन होईना. रोल एका पिशवीत घालून वर तारीख लिहिली गेली. ती ठेकेदाराची माणूस, तेव्हा फार चर्चा झाली नाही. उद्यापासून यायचं नाही. कार्ड, ॲप्रन आणि टोपी इथे ठेवा.

तिने तिन्ही टेबलावर ठेवली. सही केली. मग हात जोडून म्हणाली, "सर, त्यातली दोन वीत टेप द्या. आता कामावरून तर काढलंच."

सरांनी सहीचा कागद तेवढा उचलला. पिशवी टेबलावरच राहिली.

मोशीच्या पुढे गाड्या खोळंबल्या होत्या. जयमाला बसच्या दांड्याला धरून उभी होती आणि मनातल्या मनात ड्रायव्हरला, सिग्नलला, देवाला, सगळ्यांना हात जोडत होती. रिकाम्या हाताने निघालेय, वेळेत पोचले तरी काय देणार, हे तिला कळत होतं. तरी घाई सुटत नव्हती.

शाळेच्या फाटकात पोचली तेव्हा पावणेसहा वाजले होते. मैदानावर मंगळागौरीचं गाणं जोरात लागलेलं. स्टेजवर आठ जणी होत्या, आठ सारखे आंबाडे, आठ सारखे गजरे. कडेला एकीची जागा सोडलेलीसुद्धा नव्हती.

वर्गात दिवा लावलेला नव्हता. शेवटच्या बाकावर उत्कर्षा बसली होती, हिरवं लुगडं, नथ, कपाळावर चंद्रकोर. गंगावन मांडीवर नीट घडी करून ठेवलेलं.

"मिळालं?"

"नाई, लेकरा."

पोरीने आईच्या डोक्याकडे पाहिलं. ओढणी खांद्यावर होती. आईला असं उघड्या डोक्याने घराबाहेर तिने कधी पाहिलं नव्हतं. बाकावर जरा सरकून आईला जागा दिली.

मैदानावर पिंगा सुरू झाला. बाकाखाली उत्कर्षाचे पाय हलायला लागले. पैंजण वाजू नयेत म्हणून तिने वाकून ते दोन्ही हातांनी धरले, आणि तशीच वाकलेली ती मान घुमवू लागली. डावीकडून उजवीकडे, गाण्याच्या ठेक्यात अगदी बरोबर. पडेल असं आता डोक्यावर काही नव्हतं. गाणं संपेपर्यंत ती थांबली नाही.

मैदानावर टाळ्या झाल्या. जयमालाने पोरीच्या पायांतले पैंजण सोडवले आणि गंगावनाबरोबर पिशवीत टाकले.