एसीची टकटक

“गाडीचा एसी टकटक करतोय, ऐकतेस ना? गॅस कुठेतरी लीक होतोय. नुसते दुकानातले गॅसचे डबे आणून भरत बसू नकोस, मेकॅनिकला दाखवून ये,” असं रवीने मे महिन्यातच बजावलं होतं. “गार हवा येतेय ना? मग झालं,” म्हणत उपासनाने नवऱ्याला वाटेला लावलं. गाडी पंधरा वर्षांची; थोडी कुरकुरायचीच.

जुलैच्या भर दुपारी, आठ महिन्यांच्या लेकीला, मैत्रीला, डॉक्टरकडून अल्फारेटा या अमेरिकन उपनगरातल्या घरी आणताना, हायवेवर बॉनेटखालून किंचाळी उठली. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उपासनाने एसी बंद केला, आवाज थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. म्हणजे एसीचा कॉम्प्रेसरच जाम होत होता. त्याला फिरवणारा पट्टाच इंजिन थंड ठेवणारा पंपही फिरवायचा. पट्टा तुटला, की तान्ह्या पोरीसकट ट्रकांच्या मधोमध अडकणार.

तिने एसी बंद ठेवून काचा उतरवल्या. भट्टीच आत शिरली.

“बाबा, मैत्रीकडे बघा हं.”

मागे तिचे सासरे पंडितराव नातीला ओल्या वाइप्सने पुसत होते. नागपूरहून येऊन त्यांना महिना झाला होता. “बघतो पोरी, तू समोर रस्ता पाय. असं ऊन तर आमच्याकडे सावलीत सापडते.”

ती हसली खरी, पण आरशातली नजर पोरीच्या लालबुंद गालांवरून हटेना. पोर रडत होती तोवर बरं; गप्प झाली की ही लगेच विचारायची.

“बाबा, श्वास नीट आहे ना तिचा?”

“आहे.”

थोड्या वेळाने, “बाबा?”

“हं.”

एकदाची एक्झिट आली. पेट्रोलपंपाच्या दुकानात शिरताच गार हवेत मैत्री दूध ओढू लागली, पाय झाडू लागली. उपासनाने सुटकेचा श्वास टाकला आणि वळून पाहिलं. बाबा मागे नव्हते.

ते गाडीतच होते. सीटबेल्टचं बटण त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं. कातडी तापलेली, कोरडी ठणक. मांडीवर पाण्याची बाटली, सील न तोडलेली.

“पाणी का नाही प्यालात?”

“लघवीला... गाडी थांबवावी लागते मग तुला,” ते जड जिभेने म्हणाले.

दुकानातल्या बाईने बर्फ आणला, अँब्युलन्स बोलावली. बाबा वाचले.

उपासना आता भेटेल त्याला विनवते, आणि तुम्हालाही: मागच्या सीटवर कोणी आई-बाबा असतील तर ‘ठीक ना?’ एवढ्यावर राहू नका. ते ‘हो’च म्हणतील. गाडी बाजूला घ्या, वळा, आणि बाटलीचं झाकण उघडलंय का ते बघा.