अकरा तास

"दुपारी तीनपर्यंत पाणी तुमच्या पुलाशी असेल," नोलीन फोनवर म्हणाली. "सगळ्यांना गाई आत्ताच टेकडीवर काढायला सांगा."

लाइलने घड्याळ बघितलं. सकाळचे नऊ वाजले होते. "वरच्या पाणी मोजायच्या पट्टीपासून पुलापर्यंत यायला बिंडारा नदीला अकरा तास लागतात, बाई. एकतीस वर्षं मोजतोय मी."

"लागायचे. गेल्या उन्हाळ्यात डोंगर जळाला ना. जमीन पावसाचं पाणी पीतच नाहीये, राखेवरनं नुसतं घरंगळतंय. पूर्वी जंगलातला ओढा बाकी दोन ओढ्यांच्या मागनं यायचा. आज तिन्ही ओढे एकदमच येतायत."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" चुलीशी उभ्या असलेल्या मर्लने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"पाणी तीनला येणार म्हणे. मला अक्कल शिकवते."

पुलाजवळची पट्टी वाचायची आणि खालच्या नऊ गोठ्यांना पुराची वेळ सांगायची, हे लाइलचं बिनपगारी काम. पाऊस लागला की फोन त्यालाच यायचे. मग दोन वर्षांपूर्वी ही नोलीन, निवृत्त नर्स, वर डोंगरात राहायला आली, वरची पट्टी तिच्याकडे गेली, आणि बाई बूट घालून डोंगर पालथा घालू लागल्या. गावच्या सभागृहात तिने कागदावर सगळे ओढे काढून दाखवले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेडिओवाले तिचं नाव घेऊ लागले. आता दुकानात लोक लाइलच्या तोंडावर विचारत, "नोलीन काय म्हणते?" नऊपैकी आठ गोठे थेट तिलाच फोन करायचे. लाइलचा जीव नुसता जळायचा. जळका डोंगर तर तोही रोज सकाळी व्हरांड्यातून बघत होता. मग हे आपल्याला का नाही सुचलं, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

तेवढ्यात नवव्या गोठ्याचा फोन आला. म्हातारा क्लॅरी डफ, वय एक्क्याऐंशी, नदीकाठच्या सपाटीवर सत्तर दुभत्या गाई.

"लाइल, पोरा, मी काही त्या बाईला विचारत नाही. तू सांग, कधी येतंय पाणी?"

लाइलला एकदम बरं वाटलं. "आठ वाजता. संध्याकाळची धार काढ निवांत, मग हलव."

मर्लने चमचा खाली ठेवला. "तिनं तीन सांगितले ना?"

"तिला काय कळतंय."

"तुला जळायचंय तर जळ बाबा. क्लॅरीच्या गाईंनी काय घोडं मारलंय तुझं?"

तो टोपी घालून पुलावर गेला. पट्टीवरचा आकडा त्याने दोनदा वाचला. तासाभरापूर्वी होतं त्यापेक्षा पाणी हातभर वर होतं, आणि काळंकुट्ट होतं. जळलेल्या साली तरंगत येत होत्या. एरवी या वेळेला नदी हललेलीही नसायची. त्याच्या मनात आलं, कदाचित थांबेलही इथेच. एकदा, फक्त एकदा ती चुकू दे. हा विचार धरून तो बराच वेळ कठड्याशी उभा राहिला, आणि तेवढ्या वेळात पाणी आणखी चार बोटं चढलं. मग त्याला स्वतःची शिसारी आली. तो जवळजवळ पळतच घरी आला आणि त्याने फोन लावला.

"क्लॅरी, गाई आत्ताच काढ. तीनला येतंय पाणी, त्याआधीही येईल."

"तू तर आठ म्हणालास."

"चुकलो. नोलीननं सकाळीच सांगितलं होतं. मीच दाबून ठेवलं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पावणेतीनला क्लॅरीची सगळी सपाटी पाण्याखाली गेली. सत्तरच्या सत्तर गाई टेकडीवर उभ्या होत्या.

संध्याकाळी क्लॅरीने स्वतःहून फोन केला. "वाचल्या सगळ्या."

"बरं झालं."

"हे बघ पोरा, राग मानू नकोस. पण पुढच्या वेळी मी तिलाच फोन करीन म्हणतो." क्लॅरी खाकरला. "तिचा नंबर आहे का तुझ्याकडं?"

लाइलला वही उघडावी लागली नाही. त्याने एकेक आकडा सांगितला. म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.